मिकी कोरिया : ताजच्या नृत्यदालनातली दोन दशके

१/ जॅझचा इतिहास बहुधा एकल वादकांभोवती लिहिला जातो. रात्रीमागून रात्री शेकडो पावले एका लयीत ठेवणारा बँडमास्तर त्यात मागे राहतो. मुंबईतले असे एक नाव म्हणजे सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवादक मिकी कोरिया.

२/ कुटुंब गोव्याचे, जन्म १९१३ साली मोम्बासाचा, जडणघडण कराचीतली. १९३० च्या दशकात ते मुंबईत आले. तेव्हा ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ हे आफ्रिकन-अमेरिकन वादक गाजत होते. १९३९ मध्ये ताजच्या बँडची सूत्रे कोरियांकडे आली आणि सुमारे दोन दशके त्यांच्याकडेच राहिली.

३/ त्या काळच्या नृत्यसंगीताचे दोन ढंग होते. ‘हॉट’मध्ये वादकाच्या उत्स्फूर्त विस्ताराला मोकळीक असे. ‘स्वीट’मध्ये मूळ चाल स्पष्ट, सॅक्सोफोनांचा मेळ मृदू आणि लय अढळ. समीक्षकांनी दुसऱ्याला कमी लेखले. परंतु जोडीने नाचणाऱ्यांना हवी असे ती हीच खात्रीची लय. ती रोज देणे ही शिस्तीची कसोटी होती.

४/ १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ताजमध्ये स्वातंत्र्याचा सोहळा रंगला, तेव्हा कोरियांचा आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा असे दोन बँड वाजत होते. साम्राज्याच्या करमणुकीसाठी रुजलेला बाजच त्याच्या निरोपालाही वाजला.

५/ १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि नृत्यदालनांचे अर्थकारण ढासळू लागले. चित्रपटसृष्टीत मात्र स्वरलिपी वाचणाऱ्या वादकांना मागणी होती. अनेक गोमंतकीय वादकांनी तो आधार घेतला.

६/ या वळणावर कथा दादर-परळकडे येते. गिरणी कामगाराचे पुत्र भगवानदादा यांनी १९५१ मध्ये ‘अलबेला’ काढला. संगीतकार सी. रामचंद्र, साथीला चिक चॉकलेट, जे पडद्यावरही दिसतात. ताजची पायरी कधी न चढलेल्या प्रेक्षकाला नृत्यदालनातला ठेका आता पिटातल्या तिकिटात मिळाला.

७/ कोरिया २०११ मध्ये निवर्तले. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई, वाद्यवृंदातल्या बहुतेकांचे येत नसे. त्यामुळे त्या पिढीचे श्रम आज नावांपेक्षा ध्वनीतच अधिक सापडतात. जुने गाणे ऐकताना गायकाच्या आवाजामागे एकजुटीने श्वास घेणारी वाद्ये कानावर आली, तर तोही एक दस्तऐवजच समजावा.