झिपऱ्याची खोली

डोंबिवलीच्या त्या घरात झिपऱ्या आला तेव्हा त्याला झिपऱ्या नव्हत्या. कुर्ल्याच्या बाजारातून पिशवीत बसून आलेलं ते बोटभर काळपट पोर. "सकर आहे, काच साफ ठेवेल," एवढीच विक्रेत्याची शिफारस. वर्ष उलटलं तसे त्याच्या नाकाडावर मांसल, फाटे फुटलेले कोंब उगवले आणि घराला दोन गोष्टी कळल्या. हा नर आहे, आणि हा ब्रिसलनोज प्लेको जातीचा मासा आहे. शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस, मूळ गाव दक्षिण अमेरिकेतल्या नद्या. झिपऱ्या हे नाव नातवाने ठेवलं.

काच तो साफ करी, पण मर्जीने. खरा जीव लाकडावर. टाकीतला ओंडका रात्रभर खरवडत बसे. जोडीला वाफवलेल्या दुधीची चकती लागे. दिवा लागला की डोळ्यावर वरून पडदा उतरे, बाहुलीची नुसती चंद्रकोर उरे आणि स्वारी फिल्टरमागे गडप होई.

"आजोबा, हा सारखा लपतो का?"

"त्याला खोली नाही म्हणून."

खोलीच्या नावाने टाकीत मातीची कुंडी होती. पण रुंद तोंडाच्या जागेत या माशाचं मन रमत नाही. नदीत तो काठाच्या मातीतली बिळं, पोकळ ओंडके, दगडांखालच्या फटी शोधतो. अंगाला भिंती लागल्या पाहिजेत आणि दार एकच हवं, म्हणजे ते स्वतःच्या देहाने बंद करता येतं.

तशी खोली आजोबांनी स्वतःच करायचं ठरवलं. माळ्यावर त्यांची शाळेतली पाटी होती, एका कोपऱ्यात तडकलेली. पाट्यांसाठी आंध्रातलं मार्कापूर प्रसिद्ध. पाटीचा दगड पदरापदरांनी सुटतो, त्यामुळे पातळ, सपाट मिळतो. आजोबांनी लाकडी चौकट काढली आणि दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले. फेस आला असता तर दगडात चुना आहे असं समजून पाटी बाद झाली असती, कारण चुन्याने पाणी जड होतं. फेस आला नाही. हॅक्सॉच्या पात्याने खोल रेघ मारायची, टेबलाच्या कडेवर धरून दाबायचं, की तुकडा सरळ सुटतो. कडा त्यांनी बादलीतल्या पाण्यात बुडवून घासल्या, कारण या दगडाची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट.

झिपऱ्या तोवर चारेक इंच झाला होता. गुहा सहा इंच लांब, दोन इंच रुंद, दीड इंच उंच आणि मागून बंद. जोडायला बुरशीरोधक द्रव्य नसलेलं साधं सिलिकॉन. त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत गुहा बादलीतच राहिली. पाटीची कोरीव रेघांची बाजू आजोबांनी मुद्दाम आतून ठेवली. अंडी धरायला खरखरीत बरं.

खोली मिळाली आणि झिपऱ्याचा स्वभावच पालटला. लाजरा प्राणी घरमालक झाला. टाकीतला दुसरा नर जवळ आला की गालावरचे काटे ताठ. टाकीतली मादी मात्र आत गेली, आणि त्याने तिला बराच वेळ बाहेर येऊ दिलं नाही. मग बॅटरीच्या उजेडात आखलेल्या रेघांवर नारिंगी अंड्यांचा घोस दिसला. मादीचं काम तिथे संपलं. झिपऱ्या अन्न सोडून कल्ल्यांमागच्या परांनी वारा घालत बसला. पाचेक दिवसांनी अंड्यांतून पिल्लं निघाली, पोटाशी बलकाची पिवळी पिशवी घेऊन. ती जिरेपर्यंत बापाने त्यांना दाराबाहेर पडू दिलं नाही.

त्या झिपऱ्यांचं काम काय, याविषयी सबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या संशोधकांनी 1999 मध्ये एक कल्पना मांडली. पिल्लं सांभाळणारा नर मादीला पसंत पडतो. नाकावरचे कोंब पिल्लांचा भास निर्माण करत असावेत.

पिल्लं इमारतभर वाटली गेली. प्रत्येक घराला आजोबांची एकच ताकीद असे, नको झाली तर परत आणून द्या, पण खाडीत किंवा तलावात सोडू नका. सकर म्हणूनच विकला जाणारा त्यांचा मोठा भाऊबंद असाच सोडला जाऊन देशातल्या कितीतरी जलाशयांत माजला आहे.

झिपऱ्या म्हातारा होऊन गेला. गुहा त्याच्याच एका पोराने भांडून बळकावली. इमारतीतून अजून अशा गुहांची मागणी येते, तेव्हा आजोबा आधी विचारतात, "तुमचा नर किती इंच? माप घेऊन या, अंदाजाने कापत नाही मी."