मोकळा होतो म्हणालास, म्हणून

जळगाव जामोद,
२८ सप्टेंबर २०२०

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, व्हीआरएस घेतो आणि मोकळा होतो." एवढं बोलून फोन वहिनीच्या हाती दिलास. ती अनारशांचं, लेकीच्या ऑनलाइन वर्गांचं सांगत होती. मी हो हो म्हणत होते, पण कानात तुझाच शब्द. आपल्या घरात तो शब्द याआधी एकदाच ऐकलाय मी. अकोल्याच्या मिलमधून हिशोब घेऊन काका आले, त्या संध्याकाळी. ओसरीवर पिशवी ठेवली, पाय धुतले आणि हेच म्हणाले. पुढचं सगळं तू पाहिलं आहेस. तरी तुझ्या तोंडून तोच शब्द यावा?

फोनवर मला रडू येतं आणि तुला राग येतो, म्हणून लिहिते आहे. दोनदा वाच, आणि दुसऱ्यांदा वहिनीला मोठ्याने वाचून दाखव.

आधी तो आकडा. "सव्वीस लाख, ताई" असं तू ज्या आवाजात म्हणालास, तो आवाज मी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर ऐकलाय. एकरकमी पैसे हाती आलेला माणूस आधी हळू बोलतो, मग आकडा सांगताना त्याचा आवाज चढतो. काल रात्री मी तुझा हिशोब मांडला. त्या सव्वीसात तुझा फंड आहे, घरासाठी उचलून उरलेला, सहा लाख. आज राजीनामा दे की दहा वर्षांनी निवृत्त हो, तो तुझाच. त्यात ग्रॅच्युइटी आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,००० धरले तर पंधराने गुणायचं, सव्वीसाने भागायचं आणि तुझ्या बावीस वर्षांनी पुन्हा गुणायचं. तीन लाख आणि वर काही. १९७२च्या कायद्याने तीही तुझीच. म्हणजे तुझी जागा रिकामी करून घ्यायला कंपनी जे देते ते सतरा लाख. बाकीचे नऊ तुझ्याच खिशातून काढून तुझ्याच हातावर ठेवलेत. त्या सतरातल्या पाच लाखांपर्यंत प्राप्तिकर माफ, पुढच्या रकमेवर लागतो. तो सोडून दे. सतराचे सतरा धर आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंतच्या एकशेवीस महिन्यांनी भाग. महिन्याला चौदा हजारांच्या थोडे वर. आज हातात चौतीस पडतात ना?

"व्याजावर भागेल" म्हणालास. कुठल्या व्याजावर? बँका लांबच्या ठेवीला साडेपाच टक्क्यांच्याही आत देताहेत. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना ६.६ टक्के देते, पण नवरा-बायकोच्या जोडखात्याला नऊ लाखांची मर्यादा आहे. पूर्ण नऊ लाख ठेवलेस तर महिन्याला ४,९५० रुपये. ज्येष्ठांच्या बचत योजनेला ७.४ आहेत आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला त्यात साठीच्या आधीही जाता येतं, पण वय पंचावन्न तरी हवं. तू अठ्ठेचाळीसचा. फंडाची पेन्शनही अठ्ठावन्नाला. पन्नाशीनंतर आधी उचलता येते, पण जितकी वर्षं आधी तितके चार-चार टक्के कापून. हे सगळे नियम मी लोकांना समजावत आले. आपल्या भावाला समजावताना हात थरथरतो आहे.

तू आपल्या शेजारच्यांचं उदाहरण दिलंस. बरं, त्यांचंच घेऊ. बीएसएनएलच्या योजनेत ते ३१ जानेवारीला घरी आले. देशभरात अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं एका दिवसात निवृत्त झाली. झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा, असं त्यांचं गणित. पण ते मूळचे टेलिफोन खात्यातले, पन्नाशी ओलांडलेले. त्यांना सरकारी पेन्शन आहे. एक तारखेला त्यांच्या खात्यात पैसे पडतात. त्यांची व्हीआरएस आणि तुझी व्हीआरएस यांचं नाव तेवढं एक. त्यांच्या अंगणातला नवा झोपाळा बघून तू आपलं घर मोडू नकोस.

बापू, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीशी येऊन थांबतं. महिन्याला येणारा पैसा वेगळा आणि एकदम येणारा पैसा वेगळा. ही गोष्ट कास्तकाराच्या घरात राहून जेवढी कळते तेवढी कुठेच नाही. इथे पैसा वर्षातून एकदा येतो, पऱ्हाटी वेचल्यावर. तो यायच्या आधीच त्याच्या वाटण्या झालेल्या असतात: कृषी केंद्रवाला, सोसायटी, मजूर, कोणाचं लग्न, कोणाचं दुखणं. दिवाळीत आलेला पैसा होळीला दिसत नाही. यात कोणी उधळा नसतो. तुझ्या भाऊजींनी आयुष्यात पानसुद्धा खाल्लं नाही. पण घरात ढीग दिसला की सगळ्यांच्या गरजा जाग्या होतात, आणि त्यातली एकही खोटी नसते. काकांचे पैसे तरी कोणी चोरले का? मोठीचं लग्न, घरावरचे पत्रे, तात्यांना दिलेले उसने, आणि ती बोअर. सगळं चांगल्यासाठीच गेलं. पगाराचं तसं नसतं. तो थोडा येतो, संपतो आणि पुन्हा येतो. त्याला हात लावायला कोणी येत नाही, कारण तो कोणाला मोठा दिसत नाही.

बाबांनी तुला नांदुऱ्याहून गाडीत बसवलं ते या ढिगाच्या जगातून काढायला. त्या पहाटे फलाटावर ते काय म्हणाले होते, आठवतं ना? १९९८ची तुझी पहिली मनिऑर्डर, पाचशे रुपये, माझ्याच खिडकीवर आली. मी मोजले, पुन्हा मोजले आणि बाबांची सही घेतली. कुपनावर तू लिहिलं होतंस, "पुढच्या महिन्यात जास्त पाठवतो." बाबा ते कुपन घेऊन गावभर फिरले. पैशाचं कौतुक नव्हतं रे त्यांना. "पुढच्या महिन्यात" असं छातीठोक म्हणू शकणारा तू आपल्या घरातला पहिला. आमचं सगळं "पाऊस पडला तर" आणि "भाव मिळाला तर".

आणि तू परत याच "तर"मध्ये येणार? वावर घेतो, बोअर घेतो, संत्रा लावतो म्हणालास. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी गोड आहे म्हणून तिथल्या जमिनीला हात लावता येत नाही, आणि पूर्णेच्या अंगाला सरकलास की खारपाणपट्टा. ते पाणी पिऊन आपल्या भागात किती जणांच्या किडन्या गेल्या, हे तुला मी सांगावं? या उन्हाळ्यात खरेदी केंद्रं टाळेबंदीत अडकली आणि आमचा कापूस जून उलटेपर्यंत घरात पडून होता. आता सोयाबीन सोंगणीला आलं आणि पाऊस उघडत नाही. भाऊजी सकाळपासून वावरात आहेत. आणि देशाचं म्हणशील तर, भेंडवळच्या घटमांडणीत करंजीवरून देशाच्या तिजोरीचं भाकीत सांगतात. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून तू पहाटे ते भाकीत ऐकायचास. यंदा तिथे गर्दी नव्हती आणि तिजोरीचं कळायला भाकिताचीही गरज नव्हती. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घटलं, असं सरकारनेच सांगितलं. अशा वर्षी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुटलेल्या माणसाला दुसरं काम कोण देतो? पुण्यात बावीस-तेवीसची पोरं कंत्राटी म्हणून रांगेत उभी आहेत.

आता तुझीही बाजू मला दिसते. कंपनीने छाटणीच केली तर कायद्याने वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार मिळतो. त्या मानाने सतरा लाख कितीतरी जास्त, हे मी कबूल करते. गेल्याच आठवड्यात संसदेने नवी औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. अंमल सुरू झाला की तीनशेपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला छाटणीला किंवा टाळं लावायला सरकारची परवानगी लागणार नाही. आजवर हा आकडा शंभर होता. मग तुमच्याकडे किती उरलात? दोन वर्षांपूर्वी किती होतात? व्हीआरएसने एकेक जण बाहेर पडत आकडा खाली आला, तर मागे राहिलेल्यांच्या हातात काय उरतं? हे युनियनच्या लोकांना विचारलंस का? मागणीच नाही म्हणून माणसं कमी करताहेत, की कारखाना विकायचाय, तेही विचार. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला विकायचं जानेवारीत जाहीर झालं. मुंबईच्या गिरण्यांचं तर तुझ्यापुढे आहेच. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख माणसं संपावर गेली. पुढे मिळेल तो हिशोब घेऊन लोक एकेक करत बाहेर पडले, आणि १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. भोंगा बंद झाल्यावर त्या जमिनीची किंमत काय होईल, हे सही करणाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

घेऊच नकोस, असं मी म्हणत नाही. कारखाना खरंच बंद पडणार असेल तर घ्यावीच लागेल. तेव्हा घेतलीस तर सतरातले दोन बाजूला ठेव आणि बाकीचे लेकीच्या शिक्षणाला हात न लावता असे बांध की ते तुला महिन्याला थोडे थोडे मिळत राहतील. जमीन घेऊ नकोस. कोणाला उसने देऊ नकोस. मलासुद्धा देऊ नकोस. तुझा भाचा काही मागेल, त्यालाही नाही म्हण; मी सांगितलंय म्हणून सांग.

आणि त्या कागदावर "स्वेच्छा" लिहिलंय ना, ते नीट बघ. गेल्या महिन्यात तुला दुसऱ्या खात्यात हलवलं आणि आठ दिवस नुसतं बसवून ठेवलं, हे वहिनीने मला सांगितलं. तू सांगितलं नाहीस. बावीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाला रिकामं बसवलं की त्याला मोकळं व्हावंसं वाटणारच. ती तुझी इच्छा आहे की त्यांची, हे तुला तरी कळतंय का? अपमानाच्या भरात काही ठरवू नकोस रे. अपमान आठ-पंधरा दिवसांत निवतो, सही तशीच राहते.

एसटी सुरू झाली आहे. पुण्याचा आजार एवढा नसता तर मीच आले असते. कागदाचा फोटो काढून तुझ्या भाच्याच्या मोबाईलवर पाठव, सगळी पानं, बारीक अक्षरांतलीसुद्धा. मी चष्मा लावून वाचीन.

आणि सही करायची शेवटची तारीख कोणती, ते तू सांगितलंच नाहीस. मी दोनदा विचारलं, दोनदा तू विषय बदललास. बापू, ती तारीख होऊन तर गेली नाही ना? पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी कर.

तुझी,
ताई