जस्ताचं डबडं

रेडिओचा आवाज बसला की सेल काढून उन्हाला लावायचे, हा आमच्याकडचा रिवाज. वाळवणाच्या पापडांशेजारी ते आडवे पडलेले असत, आणि संध्याकाळी रेडिओ खरंच थोडा वेळ बोलायचा. ऊन सेलात वीज भरतं, अशी आजीची खात्री होती.

पण सेलात वीज भरलेली नसतेच मुळी. संपलेला सेल लहानपणी ज्यांनी दगडाने फोडलाय त्यांना आतला ऐवज ठाऊक असेल: मधोमध कोळशासारखी कांडी, भोवती हात बरबटवणारी काळी भुकटी, मग ओलसर खळ आणि बाहेर जस्ताचं डबडं. भुकटी मँगनीज डायऑक्साइडची; त्याचं खनिज आपल्या भंडारा जिल्ह्यात, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतही निघतं. खळीत नवसागर, कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी नाकाला झोंबायचा तोच. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून खळीत उतरतो. त्या इलेक्ट्रॉनांना ओढ मँगनीजची, पण खळीतून त्यांना वाट नाही. मग तारेने, बल्बमधून वळसा घालून ते कांडीवाटे तिकडे पोचतात. आपला उजेड त्या वळशातला. ओढीचा जोर दीड व्होल्ट, सेल करंगळीएवढा असो की मनगटाएवढा. मोठा जास्त दिवस पुरतो, इतकंच.

उन्हाचं म्हणाल, तर सतत वापराने आत साचलेले पदार्थ अभिक्रियेची वाट अडवतात. विसावा आणि ऊब मिळाली की ते जरा पांगतात आणि अडून राहिलेला माल कामी येतो. नवं काही भरलं जात नाही.

लक्लांशे नावाच्या संशोधकाने 1866 मध्ये केलेला मूळ सेल काचेच्या बरणीतला, पातळ द्रावणाचा. कलला की सांडणारा. कार्ल गासनर या जर्मन डॉक्टराने 1886 मध्ये द्रावणात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून लगदा केला, बरणी काढून टाकली आणि जस्तालाच भांडं केलं. कल्पना झकासच, फक्त भाताबरोबर पातेलंही शिजून संपावं असा हा मामला. म्हणून तर टॉर्चमध्ये विसरलेल्या सेलला भोकं पडतात, चिकट पाणी सुटतं आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पुटं चढतात. त्या टॉर्चला मग कितीही थोबाडीत मारा.

कांडीचं मात्र काही बिघडत नाही. ती कार्बनची, अभिक्रियेत भागच घेत नाही, नुसती वीज वाहून नेते. अख्खी निघाली की तिच्यावर पोरांची झुंबड, फरशीवर ठिकरीची घरं आखायला.