तुमच्या सवडीने

जीएसटीचं काम करणाऱ्यांचा महिना दोन तारखांवर चालतो. 11 ला जीएसटीआर-1 हे रिटर्न भरायचं, 20 ला जीएसटीआर-3बी. 3बी भरायला उशीर झाला की दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, उलाढालच नसेल तर 20. तारीख जवळ आली की अंधेरीच्या आमच्या ऑफिसात सगळे वैतागलेले असतात. मला मात्र तेव्हाच तरतरी येते. खरेदीची बिलं आणि पोर्टलवरचे आकडे एका बैठकीत जुळवून टाकते, डबा खायचंही भान राहत नाही. आणि 22 तारखेला, काही पेटलेलं नसताना, दोन ओळींचा मेल दिवसभर अर्धवट पडून राहतो.

याला मी आळस म्हणायचे. घरचेही तेच म्हणायचे.

2020 च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, ऑफिस घरी आलं आणि सरकारने रिटर्नच्या मुदती वाढवल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझं मात्र सगळं विस्कटलं. मुलुंडच्या शांत घरात, हातात भरपूर वेळ असताना, मला एक फाइल पुरी करता येईना. झोप उडाली. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले ती झोपेची तक्रार घेऊन.

त्यांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली तेव्हा मला नवल वाटलं. त्यांना शंका होती एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणाऱ्या विकाराची. त्याचं निदान मोठेपणी होत असलं, तरी त्याची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, असं त्यांनी सांगितलं. आईने माळ्यावरची पेटी काढली. जवळजवळ प्रत्येक इयत्तेत तोच शेरा: हुशार आहे, पण लक्ष नाही. वर्गात मी कधी दंगा केला नाही, म्हणून कुणी जास्त खोलात गेलं नाही. अनेक मुलींच्या बाबतीत असंच होतं. आई पुस्तकं चाळत म्हणाली, ‘‘अगं, पण तुझे बाबाही असेच की!’’ डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

औषध मिळालं, मिथाइलफेनिडेट. ते शेड्यूल एक्समध्ये येतं, त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि त्याचा वेगळा परवाना असलेलं दुकान शोधावं लागतं. चिठ्ठ्या हरवणाऱ्या माणसासाठीच हा नियम केलाय की काय, असं वाटतं! गोळीने काम सुरू करणं सोपं होतं. काय सुरू करायचं, ते गोळी सांगत नाही.

ते सांगायला बाहेरचं कुणीतरी लागतं, हे मला टाळेबंदीने शिकवलं. लोकल सुरू झाल्यावर ते नीट कळलं. इथे लोक गाडीला मिनिटासकट ओळखतात. मी प्लॅटफॉर्मवर दिसले नाही की लेडीज डब्यातल्या मैत्रिणीचा मेसेज येतो, ‘‘कुठे मेलीस?’’ मोबाइलचा गजर मी झोपेतच बंद करते. तिला बंद करता येत नाही. घाटकोपरला उतरून मेट्रोत शिरलं की अंधेरीपर्यंत दिवसाच्या कामांची यादी कागदावर लिहिते, फक्त तीन कामं. ऑफिसात कंटाळवाणी फाइल घेऊन शेजारणीच्या टेबलाशी बसते. ती मदत करत नाही, आपलं काम करत राहते. तेवढ्यानेच माझंही सरकतं. उरलेलं मात्र निस्तरावं लागतं: दोनदा भरलेलं वीजबिल, विसरलेले वाढदिवस, दुखावलेली माणसं. त्यावर उपाय सापडलेला नाही.

‘‘मनावर घे, सगळं जमतं,’’ असं अजूनही सांगतात. मनावर मी शाळेपासून घेतेच आहे. मला उपयोग होतो तो तारखेचा आणि विचारणाऱ्या माणसाचा. म्हणून सगळ्यात अवघड जातात ती भली माणसं. घाटकोपरचे एक जुने क्लायंट नेहमी म्हणायचे, ‘‘मॅडम, घाई नाही, तुमच्या सवडीने पाठवा.’’ त्यांचंच काम कायम मागे पडायचं. शेवटी म्हटलं, ‘‘शेठ, बुधवार म्हणा. आणि मंगळवारी एक फोन करा.’’ त्यांना आधी ते उद्धटपणाचं वाटलं. आता दर मंगळवारी न चुकता फोन येतो, आणि कागद बुधवारी त्यांच्या टेबलावर असतात.