रथ झाला की पाली

मार्गशीर्ष लागला की म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. पौषात पालीला खंडोबाचं लग्न लागतं, तिकडे खरसुंडीला खिलार जनावरांचा बाजार भरतो, चैत्रात शिंगणापूरचा डोंगर माणसांनी फुलतो. आमच्या गावातली पोरं जत्रेला पाळण्यात बसायला जातात. माळावर पालं ठोकून राहणाऱ्या नंदीवाल्यांची, डोंबाऱ्यांची, मरिआईवाल्यांची पोरं जातात ती पोटासाठी. त्या दिवसांत हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ‘गै’ मागून ‘गै’ पडत जातो.

एकदा वर्गात मी मराठी महिने घेत होते. मुलं चालीवर चैत्र-वैशाख घोकत होती. मागून नंदीवाल्यांची पोर उठली, “बाई, रथ झाला की पाली. पाली झाली की ऊस तुटलेल्या रानांनी फिरत फिरत शिंगणापूर.” मांडीवरचा भाऊ तिने तसाच कडेवर घेतला होता. तो रोज तिच्याबरोबर येतो. “पोरगी शाळंत बसली तर धाकल्याला कोन बघायचं?” असं तिची आई म्हणाली, तेव्हा मीच सांगितलं होतं, “ताई, त्यालाबी पाठवा.” आता तो फळ्याखाली बसून पाटीवर रेघोट्या ओढतो, पेंगतो, मध्येच हसतो. त्या दिवशी फळ्यावर प्रत्येक महिन्यापुढे त्याच्या बहिणीने एकेक जत्रा सांगितली आणि सगळ्या वर्गाने ती उतरवून घेतली.

घरी ती तेलुगू वळणाची बोली बोलते. पुस्तकातली मराठी तिला अडते, तिची बुद्धी अडत नाही. हा फरक न कळण्याची चूक दूरदेशीही झाली. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात रोमा जमातीच्या अनेक मुलांना मतिमंदांसाठीच्या शाळांत घालत. या रोमांचे पूर्वज मूळचे भारतातलेच. मुलांना असं वेगळं काढणं हा भेदभाव आहे, असा निकाल युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2007 साली दिला. आपल्याकडे इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला. तरी वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की माना आजही आधी पालावरच्या पोरांकडे वळतात, आणि माझ्या पोटात तुटतं.

हे घडतं कुठे, तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात! सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतील असं वसतिगृह त्यांनी इथे 1924 साली उभं केलं. याच जिल्ह्यात एका कैकाडी घरात जन्मलेल्या लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’ला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गुणांची वाण इथे कधीच नव्हती.

जत्रेच्या वाटेवरच्या गुरुजींनो, बाईंनो, ही पोर उद्या तुमच्या दारात येईल. जन्माचा दाखला नसेल, वर्ष अर्धं सरलेलं असेल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने यातल्या कुठल्याही कारणासाठी तिला परत पाठवता येत नाही, आणि वर्गही तिच्या वयाचाच द्यावा लागतो. तिला पुन्हा पहिलीत बसवू नका. ती चौथीत आहे. आणि भावालाही आत घ्या.