सौजन्य : इंटरनेट

फ्रीलान्सर असण्याचे दोन मोठे फायदे. सकाळी नऊचं पंचिंग नाही आणि डोक्यावर बॉस नाही. तोटा एकच. आपलं काम कोणी ढापलं, तर भांडायलाही आपणच!

मागच्या आषाढात मैत्रिणीचा मेसेज आला, 'अगं, तुझा फोटो झळकलाय! पार्टी कधी?' लिंक उघडली. एका न्यूज पोर्टलवर खरंच माझा फोटो. दिवे घाटाचा चढ, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी वारकरी बाई आणि मागे वळणापर्यंत माणसंच माणसं. खाली बारीक अक्षरांत ओळ, 'छायाचित्र सौजन्य : इंटरनेट'.

इंटरनेट? त्याच्या आदल्या वर्षी घाटात चार तास उभी मी होते. नाक माझं सोललं होतं!

मेल टाकला. अगदी सौजन्याने, 'आदरणीय संपादक' वगैरे. उत्तर आलं, 'मॅडम, सौजन्य दिलंय ना? चिल!'

रागाच्या भरात त्या रात्री मी शब्दकोश काढून बसले. सौजन्य म्हणजे नक्की काय रे बाबा?

शब्दाचं कुळ साधं आहे. सुंदरचं सौंदर्य होतं, तसं सुजनाचं सौजन्य. सुजन म्हणजे चांगला माणूस. म्हणजे या शब्दाच्या पोटात एक माणूस बसलाय. आणि आपण तो वापरतो कुठे? 'कृपया सौजन्याने वागा' या पाटीवर, जिच्याखाली हमखास वादावादी चालू असते. फुकट मिळालेल्या सौजन्य पासावर. जाहिरात देणाऱ्याच्या नावाआधी. वसंत सबनीसांनी तर नाटकाचंच नाव 'सौजन्याची ऐशी तैशी' ठेवलं आणि आपल्याला ते ऐकताक्षणी कळलं. यातच काय ते आलं.

याचा एक चुलतभाऊ आहे, मुर्वत. मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. तिकडे 'मुरव्वत' म्हणजे माणुसकी, दुसऱ्याचं मन राखणं. गंमत म्हणजे त्याच्याही मुळाशी 'माणूस' याच अर्थाचा शब्द आहे. आता आठवून बघा, मराठीत तो तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? 'कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता'! ठेवल्याचं कोणी कधी सांगतच नाही.

या सगळ्यावर एक झणझणीत लेख लिहायचा ठरवला. पुरावा म्हणून मूळ फोटो मोठा करून स्क्रीनवर लावला आणि तिथेच गाडी अडकली.

फोटोतली बाई माझ्याकडे बघत होती.

मला सगळं आठवलं. क्लिक झाल्यावर ती थांबली होती. कमरेच्या पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवत म्हणाली होती, 'घे माउली, लई ऊन हाय.' वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. वाट मागतानाही 'माउली, जरा बाजूला'. मी लाडू खाल्ला, थँक्यू म्हटलं, कॅमेरा सावरला आणि पुढे गेले. तिचं नाव विचारलं नाही. फोटो छापू का, हेही नाही. पुढे तो एका अंकाला विकला आणि त्या पैशांतून नवी लेन्स घेतली.

मास कॉमला एथिक्सच्या पेपरात मी वर्गात पहिली होते, बरं का!

कायद्याने रस्त्यावरचा फोटो चालतो वगैरे मी स्वतःला समजावलं. पण पोर्टलवाला तरी वेगळं काय म्हणत होता? 'सगळ्यांसमोरच तर होतं, उचललं.' तो झणझणीत लेख मी लिहिलाच नाही.

यंदा पालखीच्या मुक्कामाला सासवडला गेले. फोटोत मागच्या एका माणसाच्या हातात दिंडीच्या नंबराची पाटी होती, तेवढाच धागा. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात रथाच्या पुढे नि मागे नंबराने दिंड्या चालतात, त्यामुळे तंबू सापडला. ती मात्र नव्हती. 'गुडघे बसले तिचे,' दिंडीतल्या एका काकांनी सांगितलं. मी आणलेली प्रिंट त्यांनी बराच वेळ बघितली आणि मग तिच्या मुलाला फोन लावून दिला.

फोनवर बोलायचं वाक्य मी घोकून ठेवलं होतं. 'मावशी, दोन वर्षांपूर्वी घाटात तुमचा फोटो काढला होता. न विचारता छापला. चुकलंच माझं.'

पलीकडे शांतता. मग हसणं. 'छापून बसलीस, आन आता इचारतीस व्हय?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, 'पैसेही मिळाले होते मावशी. निम्मे तुमचे. पाठवू का?'

'पैसं नगं. फोटू दे धाडून, नातवाला दावते.'

'पुन्हा छापला तर खाली तुमचं नाव टाकू ना?'

तिने जरा विचार केला. 'नगं. नाव बी नगं, फोटू बी नगं आता. आन म्होरल्या येळी आदी इचार. माणसाला.'

प्रिंट दुसऱ्याच दिवशी कुरिअर केली. लेखासोबत फोटो का नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.