खेच इंजिनाची नव्हे

वयानं मनगट सैल पडलं की गाडीची एक खोड जास्त कळू लागते. पुढची चाकं ओढणाऱ्या टर्बो गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये दाबून रेस दिली की स्टिअरिंग एका बाजूला खेचतं. तरुण मनगट ती खेच नकळत जिरवतं आणि कारागीर अलाइनमेंटच्या कागदावर विसंबतो. पण तो कागद उभ्या गाडीचा. खेच येते ती जोर पडून गाडीचं नाक उचललेलं असताना. रिमॅप केलेली, म्हणजे लॅपटॉपवर इंजिनाची ताकद वाढवलेली गाडी कुंभारीवरून अक्कलकोट रस्त्याला धावणारी असो की पुण्यातली, खेच ताकदीमुळे येत नाही. ती डाव्या-उजव्यातल्या फरकामुळे येते. ताकद तो फरक फक्त उघडा पाडते.

चाकणची पोलो जीटी टीएसआय कंपनीतूनच 175 न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन यायची, रांजणगावची अबार्थ पुंटो 212. त्यावर रिमॅप चढला की खेच यायला एक चिरलेला बुश पुरतो. लोअर आर्मच्या मागच्या बुशाला टॉमी लावून पाहा: रबर फाटलेलं असेल तर आर्म सरकतो, आणि रेस देताच त्या एकाच चाकाचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो. माउंटिंग बसलं की इंजिन डोलतं आणि ॲक्सलचे कोन फिरतात. आखूड ॲक्सलचा जास्त, लांब ॲक्सलचा कमी. त्यात रुबाबासाठी लावलेले स्पेसर चाक बाहेर ढकलतात, म्हणजे स्टिअरिंग पिळणारा दांडाच लांब करतात.

कुणी म्हणेल, एलएसडी, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवा. त्यानं चाक जागीच फिरायचं कमी होतं, पण पकड असलेल्या चाकाला जास्त जोर जातो आणि तोच फरक हाताला जाणवतो. 2009 च्या फोर्ड फोकस आरएसनं 300 च्या वर अश्वशक्ती पुढच्याच चाकांना दिली. एलएसडी असूनही तिथं रेव्होनकल हा खास नकल लावून स्टिअरिंग पिळणारा तो दांडा आखूड करावा लागला. रिमॅप करणारे लॅपटॉपवाले खालच्या गिअरमध्ये टर्बोचा बूस्ट कापतात. उपाय खरा, पण फाटक्या बुशावर तो पांघरूणच. आणि ‘खेचते म्हणजे दम आहे’ हा आम्हा मिस्त्रींचा तोरा. त्यात मीही आलो.

तेव्हा रिमॅपचे पैसे मोजण्याआधी स्पेसर काढा, बुश आणि माउंटिंग बदला, पुढचे दोन्ही टायर एकाच झिजेचे, सारख्या हवेचे ठेवा. त्यानंतरही खेच उरली, तरच लॅपटॉप उघडू द्या.